बिनसाखरेचं घर

महाडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत मी ज्यांच्या दारात उभी राहिले, त्या घरमालकांनी भाड्याचं नावसुद्धा काढायच्या आधी अट सांगितली.

"बाई, मटण करा, मासळी करा, आमचं काय म्हणणं नाय. फक्त ह्या उंबऱ्याच्या आत साखर आणायची नाय."

म्हातारा गंमत करतोय असं समजून मी हसले. ते हसले नाहीत. मला देवघरासमोर नेऊन त्यांनी माझ्या हातावर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणाले, "बोला." मी घाटावरची, वाईची. आमच्याकडे चहात साखर घालतात की साखरेत चहा, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. तरी कुणास ठाऊक का, मी शपथ घेऊन मोकळी झाले. खोली हवेशीर होती, हेही एक कारण असेल.

ते एस.टी.च्या महाड आगारातून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात हयात गेलेली. निम्मं महाड त्यांना कंट्रोलर म्हणूनच हाक मारायचं, मी काका म्हणायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरातही त्यांचं बोलणं खिडकीतलंच राहिलं होतं. खालच्या स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "वरच्या मजल्यावरचं दूध उतू जाण्याच्या तयारीत हाय, संबंधितांनी लक्ष द्यावं." संबंधित म्हणजे मी. धावत जावं तर खरंच दूध काठाला आलेलं असायचं. वास त्यांना खाली कळायचा.

गुळाचा चहा मला त्यांनीच शिकवला. दुधासकट उकळताना गूळ टाकला की चहा फाटतो, हे मी पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "घाटी माणसाला घाई फार," म्हणाले. चहा चुलीवरून उतरवायचा, जरा दम खाऊ द्यायचा, मग गूळ. शर्टाच्या खिशात त्यांची एक पितळी डबी असे. लोकांच्या डबीत तंबाखू असते, ह्यांच्या डबीत गुळाचे खडे. कुठल्याही हॉटेलात गेले की आधी पोऱ्याला विचारायचे, "कोऱ्या चहात साखर घातलेली नाय ना? आईची शपथ?" आणि बिनसाखरेचा चहा आला की डबी उघडायची.

मी एकदा डिवचलं, "काका, गूळ तरी कशाचा? उसाचाच ना?"

"गूळ आपल्या घाटावरचा," ते म्हणाले. "त्यानं आमचं माणूस खाल्लेलं नाय."

त्या माणसाची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की माझ्या स्वप्नातसुद्धा तो येऊन गेला असेल. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. इंग्रजांच्या अमदानीत, काकांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ बाजाराला म्हणून महाडला उतरला. तिथे बंदरावर एका मुकादमाने त्याच्या तळहातावर पांढरीशुभ्र साखर ठेवली. असली साखर जिथे ढिगांनी पडलेली असते तिथे काम आहे, म्हणाला. त्या बेटाला जुने लोक मोरस म्हणत, आणि तिथून येते म्हणून साखरेलाही मोरसच म्हणत. पोराने ती साखर खाल्ली नाही. मुठीत धरून डोंगर चढला आणि आईच्या तोंडात घातली. तिने जन्मात पहिल्यांदा चाखली असणार. दुसऱ्या दिवशी पोरगा उठून गेला. सावित्रीतून पडावाने बाणकोट, तिथून मुंबई, मुंबईहून जहाज. परत आला नाही.

त्या आईने, म्हणजे काकांच्या खापरपणजीने, मग नेम केला. त्याने स्वतः येऊन, नाहीतर त्याच्या रक्ताच्या कुणी येऊन, आपल्या हाताने ह्या घराच्या तोंडात साखर घालावी. तोवर ह्या घरात साखर खायची नाही.

"आणि सगळं घर पाळतं?" मी विचारलं होतं.

"सगळं कुठलं? रेशनवर साखर यायला लागली नि चुलत्यानं सोडला नेम. माझा बापसुदा चोरून खायचा. आई मात्र कडक. मी शाळंत पंधरा ऑगस्टची गोळी चघळत घरी आलो, तर तोंडात बोट घालून काढाया लागली. म्हणाली, तू ह्या घरचा ना? मग थुंक."

हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की आईने गोळी काढली नव्हती, पदक दिलं होतं.

ह्या नेमापायी त्यांनी किती जणांशी वाकडं घेतलं त्याला गणती नाही. लग्नात मठ्ठा-भात खाऊन जिलबी यायच्या आत उठायचे, यजमान रुसायचा. सत्यनारायणाचा प्रसाद कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचे, भटजी रुसायचे. खोकल्याचं औषध गोड म्हणून प्यायचे नाहीत आणि रात्रभर खोकून मला झोपू द्यायचे नाहीत, मी रुसायचे. त्यांच्या बायकोने म्हणे संसारभर साखरेचा डबा शेजारणीकडे ठेवला होता आणि दुपारचा चहा ती तिकडे जाऊन प्यायची. शेजारीण मला हे गुपित म्हणून सांगत होती. काकांना मी ते सांगितलं तर म्हणाले, "माहीत हाय. डबा भरून कोण आणून द्यायचा असं वाटतं तुम्हाला?"

एकदा तपासणीला मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "ह्या वयात रक्तातली साखर एकदम योग्य आहे हो तुमची." काकांचा चेहरा उतरला. उंबऱ्याशी आल्यावर म्हणाले, "बाई, पण ती रक्तात आली कुठनं? मी तर कधी खाल्ली नाय." मी त्यांना ग्लुकोज समजावून सांगितलं. पटलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःकडे संशयाने बघत होते.

दोन हजार एकवीसच्या पुरात त्यांचं खालचं घर छतापर्यंत पाण्यात गेलं. वर्षाच्या गुळाच्या ढेपा विरघळून सावित्रीला गेल्या. पुढे मदतीच्या पिशव्या आल्या. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या आणि प्रत्येक पिशवीत साखरेची पुडी. चिखलात उभं राहून काकांनी आपल्या पिशवीतली पुडी काढून शेजारणीला दिली आणि बाजारात गूळ येईपर्यंत कोराकडू चहा प्यायले. तेव्हा गल्लीत सगळेच जण काही ना काही गमावून बसले होते, त्यामुळे कोणी हसलं नाही. एरवी सगळं महाड हसायचं. मीही हसायचे.

त्यांचा दुसरा छंद माणसाचं मूळ विचारण्याचा. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, वाईची. "गाडी वाईहून सुटली असंल. भरली कुठं?" मग आजोबांचं गाव, पणजोबांचं गाव, कुलदैवत, असं करत करत त्यांनी मला फलटणपर्यंत मागे नेऊन सोडलं. माणूस कुठून आला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मॉरिशसहून कॉलेजला एक मेल आली. इंदिरा नावाच्या बाईंची. चार-पाच पिढ्यांमागे आपला पूर्वज ऊसतोडीच्या करारावर मुंबईहून तिकडे आला, तिथल्या दफ्तरात त्याची नोंद आहे, त्याच्या मुळाचा शोध घ्यायला कोणी मदत करील का, असं विचारलं होतं. शेवटी आपण डीएनए तपासणीही करून घेतली असल्याचं लिहिलं होतं. डीएनए हा शब्द बघून प्राचार्यांनी ती मेल जीवशास्त्राकडे, म्हणजे माझ्याकडे ढकलली. सोबत नोंदीचं छायाचित्र होतं. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, भुवईवर जखमेची खूण.

मी ते काकांना वाचून दाखवलं. बापाच्या नावापर्यंत आले तेव्हा ते ओट्यावरून उठले. गावाचं नाव आलं तेव्हा पुन्हा बसले. भुवईवरच्या खुणेपाशी म्हणाले, "गोफणीचा दगड लागलेला. आजी सांगायची." गाड्या पुकारून पुकारून घोगरा झालेला तो आवाज तेवढ्यावर बंद पडला.

त्यानंतर दर रविवारी माझ्या फोनवरून त्यांचं आणि इंदूताईंचं बोलणं व्हायचं. इंदूताई पन्नाशीच्या, तिकडे शाळेत शिकवणाऱ्या. त्यांचं मराठी पुस्तकात शिकलेलं, सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. काका फोन हातभर लांब धरून माइकवर बोलावं तसं बोलायचे. "तुमच्यात साखर खातात?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. "खातो, काका," त्या म्हणाल्या, "घरासमोरच ऊस आहे." काकांनी मान हलवली. नेम म्हातारीने ह्या घराला घातला होता, तिकडच्यांना नव्हता. पुढे इंदूताईंना सगळी कथा कळली तेव्हा त्या फोनवर रडल्या. म्हणाल्या, "मी येते. मी तुमच्या तोंडात साखर घालते."

आता खरं तर काहीच अडत नव्हतं. कागद चोख होता. इंदूताईंची खात्री होती, माझी होती, वाडीतल्या काकांच्या सख्ख्या चुलतभावाची, दादूची तर मेल यायच्या आधीपासून होती. पण काका कंट्रोलर. पाटी वाचून गाडीत बसणाऱ्या माणसाची त्यांना चीड होती. "पाटी काल कुणी बदलायची ऱ्हाय्ली असंल. कंडक्टरला विचारल्याबिगर बसायचं नाय," हे त्यांनी जन्मभर प्रवाशांना ऐकवलेलं. त्यांच्या लेखी कागद म्हणजे पाटी. डीएनए म्हणजे कंडक्टर, मग त्याला विचारायला काय हरकत आहे?

मी त्यांना सांगितलं, "काका, ही तपासणी कधीकधी विचारलंय त्याच्यापेक्षा जास्त सांगते."

"सांगू द्या की. आपल्याला काय लपवायचंय?"

आणि एका घड्याळावर गाडी सोडायची नाही म्हणून दादूचीही तपासणी व्हायला हवी. इंदूताईंनी दोन नळ्या पाठवल्या. त्यात थुंकायचं, झाकण लावायचं, कुरिअरने परत पाठवायचं. त्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. काकांनी डबी काढून माझ्या हातात दिली. दादूची मात्र अर्धा तास तंबाखूवाचून तडफड झाली. "आजवर थुंकलो तवा सगळी ओरडायची," तो म्हणाला, "आता थुंका म्हणत्यात तर तोंड कोरडं." काकांनी त्याच्यासमोर चिंच धरली. दोघे म्हातारे ओट्यावर समोरासमोर बसून नळीत थुंकत होते आणि हसून हसून दादूच्या बायकोला ठसका लागला होता. काकांना इतकं खुशीत मी त्यानंतर पाहिलं नाही.

निकाल आला तेव्हा ते ओट्यावर बसून छत्रीच्या काड्या दुरुस्त करत होते. मी जिन्यातच थांबून पुन्हा पुन्हा फोनकडे पाहिलं. दादूचं इंदूताईंशी जुळलं होतं. इतक्या लांबच्या नात्यात जुळावं तेवढंच, थोडं पण स्पष्ट. काकांचं जुळलं नव्हतं. त्याचं एवढं काही नाही, लांबच्या नात्यात एखाद्याचं नाही जुळत, हे मी वर्गात शिकवते. पण काकांचं दादूशीही जुळलं नव्हतं. सख्ख्या चुलतभावांचं जुळायलाच हवं, आणि भरघोस जुळायला हवं. नळ्यांची अदलाबदल झाली म्हणावं, तर तशी झाली तरी दोघांचं एकमेकांशी जुळलंच असतं.

मी जमेल तितक्या हळू आवाजात त्यांना सांगितलं. त्यांनी छत्री मिटली.

"म्हणजे माझी गाडी लेट हाय का रद्द?"

"रद्द, काका."

"आणि दादूची?"

"वेळेवर आहे."

मग बोलले ते माझ्याशी नव्हतं. "वाडीतल्या प्रत्येक पोराला त्याची आई चिडवायची. तुला बोहारणीकडनं घेतलाय, जुन्या लुगड्यावर घेतलाय. पोरं रडायची, आया हसायच्या. माझ्या आईनं मला एकदाबी असं म्हटलं नाय. मला वाटायचं, आपली आई मायाळू."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, नेम घालणाऱ्या म्हातारीशी तुमच्या आईचं तरी रक्त कुठे जुळत होतं? त्याही बाहेरूनच आलेल्या. तरी पाळला ना त्यांनी?"

"ती वाजतगाजत आली," ते म्हणाले. "मला कसं आणलं ते माहीत नाय."

आईच्या माहेरची माणसं बिरवाडीकडे होती. त्यांच्यापैकी कुणाची तपासणी केली असती तर निदान आई सख्खी होती का एवढं कळलं असतं. मी तसं म्हणताच त्यांनी हात वर केला. "नको. एकदा विचारलं तेवढं बस झालं. आणि हे दादूला सांगायचं नाय, त्या बाईंनाबी नाय. लोक माझ्यावर नाय जायचे, आईवर जातील. मी हाय तोवर कुणाजवळ बोलायचं नाय."

मी शब्द दिला. ह्या वेळी तुळशीचं पान लागलं नाही.

इंदूताईंना मी दादूचं जुळल्याचं कळवलं आणि काकांचं का दिसत नाही असं त्यांनी विचारलं तेव्हा लांबच्या नात्यात असं होतं म्हणाले. थंडीत त्या आल्या. इंदूताईंच्या पिशवीत साखर होती, त्यांच्या पूर्वजाने जिथे ऊस तोडला त्याच भागातली, सोनेरी जाड दाण्यांची. काका त्यांना आणायला स्वतः हायवेवर जाऊन उभे होते. इंदूताईंनी वाकून नमस्कार केला तेव्हा काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला.

वाडीत दादूने अंगण सारवून घेतलं होतं. वरच्या धनगरवाड्यावरची माणसंसुद्धा बघायला उतरली होती. इंदूताईंनी आधी देवाला साखर ठेवली, मग वाटी घेऊन उभ्या राहिल्या. वयाने सगळ्यांत मोठे काका, पहिला मान त्यांचा. इंदूताईंनी चिमूट उचलली.

काका एक पाऊल मागे सरले. "मला चालायची नाय," ते म्हणाले. "मला शुगर हाय."

दादू म्हणाला, "तुला? कवापासनं रे?"

"आत्ताच रिपोर्ट आला." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दादूला खांद्याला धरून पुढे केलं. "हा घ्या. ह्याचा मान."

इंदूताईंनी दादूच्या तोंडात साखर घातली. मग दादूच्या बायकोच्या, सुनांच्या, नातवंडांच्या. सगळ्यांच्या तोंडात घातली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दादूने जन्मभर दिवसाला चार कप गोडमिट्ट चहा प्यायलेला, तरी त्या क्षणी तोही रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. काका पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते. नेम पाळला तो ह्या एकट्याने, असं सगळ्यांदेखत ओरडून सांगावं असं मला वाटत होतं. मी दिलेला शब्द माझ्या तोंडात बोळ्यासारखा बसला होता.

निघताना इंदूताईंनी उरलेलं पाकीट काकांच्या हातात दिलं. "बरे व्हा," म्हणाल्या, "मग घ्या." गाडीपर्यंत मी सोडायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मी त्यांना आवडले नाही का? दर रविवारी किती बोलत होते." मी म्हटलं, "तसं नाही."

ते पाकीट काकांनी महाडच्या देवघरात ठेवलं. त्या घरात पहिल्यांदा साखर आली होती आणि ती आणणारे ते स्वतः होते. न फोडता, रोज त्याच्यावर फूल ठेवायचे. मी म्हटलं, "काका, आता कसला नेम? आल्या ना त्या?"

"ज्यांचा होता त्यांचा फिटला."

"मग तुम्ही खा ना. तुम्हाला आता कोण अडवतंय?"

"खाईन की," ते म्हणाले. "पण कशी खाऊ? नेम होता तवर मी त्या घरचा होतो."

रविवारचे फोन त्यांनी हळूहळू बंद केले. माइक बिघडलाय म्हणायचे. माणसांना मूळ विचारणंही थांबलं. गल्लीत नवा भाडेकरू आला तर त्याला म्हणाले, "बरं झालं आलात," आणि आत निघून गेले. दूध मात्र ते शेवटपर्यंत पुकारत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दादूने सगळं केलं. वाडीवर नेऊन अग्नी दिला, दहाव्याला डोकं भादरलं, सख्ख्या भावाने करावं तसं केलं. महाडचं सामान आवरून तो वर घेऊन गेला.

मी हाय तोवर, असं ते म्हणाले होते. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी इंदूताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग त्या त्यांच्या त्या पुसून ठेवलेल्या मराठीत म्हणाल्या, "माझ्या रक्ताची माणसं साखर खात होती. माझी वाट एकट्या त्यांनीच पाहिली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या त्यांचं पान वाढतील ना? त्या पाकिटातली चिमूटभर साखर माझ्या नावाने त्यांच्या पानात ठेवा. म्हणा, मी घातली."

हे काकांना जिवंतपणी ऐकायला मिळायला हवं होतं. त्यांनाच दिलेल्या शब्दाने मला बांधून ठेवलं होतं, हे कळतं, तरी वाटत राहतं.

सकाळची पहिलीच गाडी मी धरली. घाटाच्या तोंडाशी दरड आली होती. जेसीबी येऊन रस्ता मोकळा होईपर्यंत गाडी तिथेच उभी. काका असते तर त्यांनी गाडी का उभी आहे ते सगळ्या गाडीला दोनदा पुकारून सांगितलं असतं. मी वाडीत पोचले तेव्हा पंगती बसायला लागल्या होत्या.

मी दादूच्या बायकोला बाजूला घेऊन पाकिटाचं विचारलं.

"ती मोरसची साखर? शिऱ्यात घातली की समदी," ती म्हणाली. "आज गोड करायचं, आणि पावसानं खाली जायाची सोय नाय. बरी सापडली सामानात."

"आणि त्यांचं पान?"

"ते केव्हाच ठेवलं. त्यांना साखर चालायची नाय ना, म्हणून गूळ ठेवला. त्यांच्याच डबीतला." तिने पडवीच्या कौलांकडे बोट दाखवलं. पानातला भात तसाच होता, पावसाने पसरलेला. गुळाचा खडा नव्हता.

दादू हात धूत होता. तो म्हणाला, "ठेवल्याबरोबर कावळा आला बाई. दुसऱ्या कशाला शिवला नाय, खडा उचलला नि गेला. काय इच्छा ऱ्हाय्ली नव्हती बघा माणसाची." आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माणूस मोठा तृप्त होऊन गेला, असं सगळ्यांचं एकमत झालं.

मी पंगतीला बसले. दादूची सून शिरा वाढत आली. शिरा चांगला झाला असावा, लोक मागून घेत होते. माझ्या पानावर हात आडवा धरून मी तिला म्हटलं, "मला नको. गुळाचा खडा असला तर दे."

ती आत जाऊन आली. "गूळ नाय हो बाई," ती म्हणाली. "आमच्यात गूळ कोण खातो? तेवढाच होता, तो त्यांच्या पानात ठेवला."